पडद्याच्या मागच्या बाजूने

अभिमन्यू डावखुरा होता, अशी माझी बरीच वर्षं खात्री होती. धनुष्य उजव्या हातात, बाण डाव्या. पुढे मी शिक्षिका झाले, घरात रंगीत टीव्ही आला, आणि एकदा तोच सिनेमा समोरून पाहताना कळलं की अभिमन्यू चांगला उजवा आहे. डावी होती ती आमची बसायची जागा.

आमचं घर भिवंडीच्या पद्मनगरात. दुकानांच्या पाट्यांवर मराठीच्या शेजारी तेलुगू अक्षरं दिसायला लागली की पद्मनगर आलं असं समजावं. आम्ही पद्मशाली, म्हणजे विणकर. घरात तेलुगू, शाळेत मराठी, कारखान्याच्या दारात हिंदी. माझे पणजोबा करीमनगरकडून निघाले ते आधी सोलापूरला. १८७७ साली सुरू झालेल्या तिथल्या जुन्या मिलचा भोंगा ऐकत आजोबा लहानाचे मोठे झाले आणि यंत्रमागाच्या मागावर भिवंडीत पोचले. तेलंगणातून निघालेल्या कितीतरी घरांचा रस्ता हाच. वाटेत भाषा बदलली, भाकरीचं पीठ बदललं, देव आणि गोष्टी तेवढ्या गाठोड्यात बांधून आल्या. मी सांगतेय ती त्याच गाठोड्यातली एक.

गणपतीच्या दहा दिवसांत एका रात्री आमच्या गल्लीत सिनेमा असायचा. सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर मुंबईहून भाड्याने यायचा, रिळांचे गोल डबे त्याच टेम्पोतून. पडदा मात्र भाड्याने आणला असता तर गल्लीची अब्रू गेली असती. ज्या गावात रात्रंदिवस कापड निघतं तिथे पडदा कसला विकत घ्यायचा? कुणातरी शेठच्या कारखान्यातून कोऱ्या कापडाचा ताका यायचा. या कापडाला सगळे 'ग्रे' म्हणतात, पण ते करडं नसतं. नुसतं न धुतलेलं, न रंगवलेलं, मळकट पांढरं असतं. एका पन्ह्यात पडदा भागत नाही, म्हणून दोन पन्हे आडवे जोडून शिवायचे. ती शिवण नेमकी नटांच्या कमरेवरून जायची. सायझिंगची खळ कापडात तशीच असायची. वारा सुटला की पडदा कागदासारखा वाजायचा आणि जवळ बसणाऱ्यांना आंबूस वास यायचा. आम्हाला तो वास म्हणजेच सिनेमाचा वास वाटे.

कापड विरळ विणीचं, त्यामुळे उजेड आरपार जायचा आणि चित्र दोन्ही बाजूंनी दिसायचं. प्रोजेक्टरच्या बाजूला पुरुष, मुलगे, मंडळाचे कार्यकर्ते. जास्त वर्गणी दिलेले शेठ खुर्चीवर. मागच्या बाजूला आम्ही. असा नियम कुणी केला नव्हता. बायका भांडी घासून, सकाळच्या पाळीच्या डब्याची तयारी करून येईपर्यंत पुढची जागा भरलेली असे, एवढंच. पण मागे अंधार जास्त होता. हसू फुटलं, रडू आलं, पदर ढळला, मांडीवरचं पोर अंगावर प्यायला लागलं, तरी बघणारं कुणी नाही. पुढच्यांना सिनेमा सरळ दिसायचा, आम्हाला मोकळेपणाने दिसायचा.

१९७८च्या गणपतीत 'मायाबाजार' लागला तेव्हा मी तेरा वर्षांची होते आणि सिनेमा एकवीस वर्षांचा. मद्रासच्या विजया प्रॉडक्शन्सने काढलेला, के. व्ही. रेड्डींनी दिग्दर्शित केलेला हा तेलुगू चित्रपट २७ मार्च १९५७ला प्रदर्शित झाला. तमिळ आवृत्ती पाठोपाठ एप्रिलात आली. काळा-पांढरा, तीन तासांचा. पौराणिक म्हणून मंडळाने पास केला, कारण देवाच्या नावाखाली मुलींनी काहीही बघितलं तरी चालतं. प्रत्यक्षात तो पोरीबाळींसाठीच काढल्यासारखा निघाला. प्रेम, जादू, खाणं, फजिती आणि शेवटी मनासारखं लग्न, यातलं काहीही कमी नाही.

गोष्ट अशी. बलरामाची मुलगी शशिरेखा आणि सुभद्रेचा मुलगा अभिमन्यू यांचं लग्न लहानपणीच ठरलंय. मग पांडव द्यूतात सगळं हरतात, वनवासाला जातात, आणि इकडे बलराम-रेवतीला दिलेला शब्द जड व्हायला लागतो. दुर्योधनाचा मुलगा लक्ष्मणकुमार हे स्थळ येतं. मुलीला कुणी विचारत नाही. सुभद्रा मुलाला घेऊन द्वारकेबाहेर पडते, तर अरण्यात तिला पुतण्या भेटतो, घटोत्कच. तो द्वारकेत शिरून झोपलेल्या शशिरेखेला पलंगासकट उचलून आणतो आणि स्वतः तिचं रूप घेऊन तिच्या जागी नवरी होऊन बसतो. वऱ्हाडासाठी त्याचे शागीर्द एका रात्रीत खोटं नगर उभं करतात, तोच मायाबाजार. तिकडे लक्ष्मणकुमार मांडवात नवरीचा हात धरायला जातो आणि त्याला कधी वाघ दिसतो, कधी आणखी काही. इकडे आश्रमात खरं लग्न लागतं.

कृष्ण झाले होते एन. टी. रामाराव, अभिमन्यू अक्किनेनी नागेश्वरराव, घटोत्कच एस. व्ही. रंगाराव, लक्ष्मणकुमार रेलंगी. पण पडद्यामागच्या बायकांना एकच नाव पुरत होतं, सावित्री. शशिरेखाही तीच आणि शशिरेखा झालेला घटोत्कचही तीच. एका क्षणी लाजणारी मुलगी, दुसऱ्या क्षणी तिच्याच लुगड्यातला राक्षस. मान वाकडी करून मिशीला पीळ द्यायचा हात उठतो, मिशी नाही हे आठवतं, आणि हात केसांकडे वळतो. लग्नाच्या आनंदातल्या तिच्या गाण्यात पी. सुशीलांच्या आवाजातून मध्येच घंटसाला यांचा पुरुषी आवाज फुटतो. आमच्या शेजारच्या आगरी घरातली माझी मैत्रीण माझ्या मांडीला मांडी लावून बसली होती. तिला तेलुगूचं एक अक्षर येत नव्हतं. तिने माझ्या कानात विचारलं, "काय गो, यो राक्षस हाय का नवरी हाय?" मी म्हटलं, दोन्ही. ती म्हणाली, "मंग बरा हाय."

तिला भाषेची अडचण फारशी आलीच नाही. घटोत्कचाच्या शागिर्दांपाशी पाहुण्यांची गंमत करायला दोन जादूच्या वस्तू असतात. 'कंबळी'ला यमक जुळवून केलेली 'गिंबळी' आणि 'तल्पम्'ला जुळवलेलं 'गिल्पम्'. कंबळी म्हणजे कांबळं आणि तल्प म्हणजे शय्या, हे आगरी पोरीलाही समजलं नाही तरी उमगलं. गिंबळी माणसाला गुंडाळते, गिल्पम् त्याला उलटंपालटं करतं. हे शब्द पिंगळी नागेंद्रराव यांनी बनवलेले. संवाद आणि गाणी त्यांचीच. दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीत गिंबळी चालू झाली. कारखान्यात पाळी लांबवणाऱ्या जॉबरला गुंडाळायला एक गिंबळी हवी, असं कांडी भरणाऱ्या बायका उघड बोलायला लागल्या. कापडच विणतो आपण, एक तेवढी विणायला काय हरकत आहे?

मोठेपणी मी या सिनेमाची माहिती शोधून शोधून वाचली. द्वारका दाखवायला वाहिनी स्टुडिओत पन्नास बाय साठ फुटांच्या जागेत तीनशे छोटी घरं उभारली होती, प्रत्येक वेगळं. नौकाविहाराच्या गाण्यातलं चांदणं हे कॅमेरामन मार्कस बार्टली यांनी घडवलेलं. ते पाहून मद्रासला खरंच तसं चांदणं पडत असेल असं मला वाटायचं. लग्नाच्या जेवणावर ताव मारताना लाडू आपोआप उडून घटोत्कचाच्या तोंडात जातात. त्या दृश्याला आमच्या बाजूची सगळी पोरं पडद्याला हात लावायला धावली होती आणि पडदा हलून दोन मिनिटं घटोत्कचाच्या पोटाला लाटा येत राहिल्या. पांडवांच्या घरचं कार्य असूनही अख्ख्या सिनेमात पाच पांडव एकदाही दिसत नाहीत, हे मात्र मला चौथ्यांदा पाहताना लक्षात आलं. नानम्माला, म्हणजे माझ्या वडिलांच्या आईला, मी हे कौतुकाने सांगितलं. ती म्हणाली, "ज्यांचं गेलं ते कुणाच्या लग्नात दिसतात?"

आता या कथेचा उगम. व्यासांच्या महाभारतात ही गोष्ट नाही. तिथे अभिमन्यूचं लग्न विराटाच्या उत्तरेशी होतं, बलरामाला अशी लेकच नाही. ही मुलगी लोकांनी आपल्या मनाने बलरामाच्या घरात जन्माला घातली. तेलुगूत ती शशिरेखा, मराठीत आणि तमिळमध्ये वत्सला. 'वत्सलाहरण' म्हटलं की जुन्या मराठी माणसाला लगेच कळतं. मूकपटांच्या काळात तीच सुरेखाही झाली. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२१ साली 'सुरेखाहरण' काढला, त्यात कृष्ण झालेला कोवळा मुलगा म्हणजे पुढचे व्ही. शांताराम. नाव बदललं तरी तिचं काम एकच, बापाने ठरवलेल्या मांडवातून नाहीसं होणं.

मराठीत या घराण्यातली थोरली जाऊ आणखी जुनी आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत सौभद्र'चे पहिले तीन अंक १८ नोव्हेंबर १८८२ला पुण्यात झाले. त्याकडे संगीत म्हणून पाहायची आपल्याला सवय आहे. गाणी बाजूला ठेवून नुसती गोष्ट बघा. बलरामाने बहिणीचं, सुभद्रेचं लग्न दुर्योधनाशी ठरवलंय. तिचं मन अर्जुनावर. कृष्ण आतून सूत्रं हलवतो, अर्जुन संन्याशाचं सोंग घेतो आणि घटोत्कच सुभद्रेला उचलून अरण्यात नेतो. म्हणजे बलराम एकदा बहिणीच्या बाबतीत चुकला आणि एका पिढीनंतर मुलीच्या बाबतीत त्याने पुन्हा तीच चूक केली. दोन्ही वेळा स्थळ दुर्योधनाच्याच घरचं, आणि दोन्ही वेळा पोरगी उचलायला तोच राक्षस हजर. या घरातल्या पुरुषांनी काही शिकायचं नाही असंच ठरवलेलं दिसतं.

मला गंमत वाटते ती नटांची. किर्लोस्करांच्या नाटकात सुभद्रा व्हायचे भाऊराव कोल्हटकर, पुढे बालगंधर्व. पुरुष नवरी व्हायचा आणि प्रेक्षक त्याच्या शालूवर लुब्ध व्हायचे. तेलुगू सिनेमात सावित्री नावाची बाई पुरुष झाली आणि तो पुरुष नवरी झाला. नाटकातल्या पुरुषाला बाईसारखं लाजायचं होतं. सावित्रीला बाईच्या रूपात राहून लाजायचं विसरायचं होतं. आम्ही पोरी त्या विसरण्यावर हसलो. लाजणं आम्हाला घरीच भरपूर शिकवलं जात होतं.

आणखी एक गाठ मला फार उशिरा सापडली. तेलुगू मुलखात 'सुरभी' नावाची नाटकमंडळी आहे. १८८५ साली कडप्पा भागातल्या सुरभी गावात 'कीचकवध' करून ती सुरू झाली. पिढ्यान् पिढ्या अख्खी कुटुंबंच्या कुटुंबं रंगभूमीवर, आणि त्यांच्या हातखंडा नाटकांत 'मायाबाजार'. रंगमंचावर माणसं हवेत उडतात, वस्तू नाहीशा होतात, सगळं दोऱ्या आणि चाकांवर. ही सुरभीची कुटुंबं मूळची महाराष्ट्रातून गेलेली, घरात आरे मराठी बोलणारी. म्हणजे मराठी बोलणारी माणसं तिकडे जाऊन तेलुगूत 'मायाबाजार' करत होती, आणि तेलुगू बोलणारी आम्ही माणसं इकडे येऊन मराठी गल्लीत तो बघत होतो. वाटेत कुठेतरी आमच्या दोघांच्या बैलगाड्या एकमेकींना ओलांडून गेल्या असणार.

आता त्या रात्रीबद्दल सांगते. माझी आत्या, तेलुगूत आम्ही तिला अत्ता म्हणतो, शब्दात फारसा फरकच नाही, सोलापूरहून गणपतीला माहेरी आली होती. अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांची, कडेवर एक, हाताशी एक. तिचं लग्न लहानपणीच तिच्या आतेभावाशी ठरलं होतं. आमच्याकडे काय किंवा मराठीतल्या कितीतरी जातींत काय, मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क मानतात. शशिरेखा अभिमन्यूची मामेबहीणच. म्हणून 'मायाबाजार'मधलं प्रेम हे बंड दिसत असलं तरी रीतीला धरूनच आहे. शब्द मोडतात ते मोठे, पोरगी तो पाळायला बसलेली असते. कदाचित म्हणूनच मंडळाच्या वडीलधाऱ्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही.

अत्ताच्या आतेघरी चार लूम होते. सुताचे भाव चढले, उधारी तुंबली, एकेक करत चारही विकले गेले आणि मालकाचा मुलगा दुसऱ्याच्या कारखान्यात पाळीवर जायला लागला. आजोबांनी आपल्या बहिणीला कळवलं की आता बघू. 'आता बघू'चा अर्थ आमच्या घरात सगळ्यांना कळतो. वर्षभरात सोलापूरचं स्थळ आलं, स्वतःचे लूम असलेलं, आणि अत्ता बोहल्यावर उभी राहिली. नानम्माने तिला पाटल्या घातल्या. रडारड झाल्याचं मी कधी ऐकलं नाही. काही झालंच नाही असं सगळे वागले, आणि तसं वागता वागता खरंच काही झालं नाही.

सिनेमात एक पेटी आहे, प्रियदर्शिनी. उघडली की ज्याला जे प्रिय ते त्यात दिसतं. आजच्या मुली म्हणतील हा तर लॅपटॉप, व्हिडिओ कॉलही होतो. शशिरेखेला त्यात अभिमन्यू दिसतो, कृष्णाला शकुनी. शशिरेखेच्या आईला, रेवतीला, दागिने दिसतात. हे दृश्य आलं आणि आमच्या बाजूला जोरात हशा पिकला. नानम्मा माझ्या उजव्या हाताला बसली होती. ती उठली, गुडघ्यावर हात टेकत, "दूध झाकायचं राहिलंय" म्हणाली आणि घरी गेली. दूध मीच झाकून आले होते. मी तसं बोलायला तोंड उघडलं, तर अत्ताने माझ्या मांडीवर हात ठेवला.

नंतर ती जी हसली! सावित्री राक्षसाच्या चालीने मांडवात शिरली तेव्हा, लक्ष्मणकुमाराची दातखीळ बसली तेव्हा, शकुनी सत्यपीठावर चढून आपलीच कारस्थानं भडाभडा बोलून गेला तेव्हा, प्रत्येक वेळी अत्ताचं हसू पडद्याच्या पलीकडे पुरुषांपर्यंत गेलं असणार. कुणी तिला गप्प बस म्हटलं नाही. शेवटी खरं लग्न लागलं तेव्हा मात्र ती मांडीवरच्या पोराचं झबलं नीट करत बसली होती.

त्या वयात मला वाटलं की सिनेमा फार विनोदी आहे. आता वाटतं, तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला अशा गोष्टीत खरी मजा कशाची येते? नायक सुंदर असतो हे खरंच. पण 'मला हे लग्न नको' एवढं वाक्य शशिरेखेने मांडवात उच्चारलं असतं तर तिला आगाऊ म्हटलं असतं. तेच वाक्य राक्षस तिचं तोंड लावून म्हणतो, नवऱ्याला वाघ दाखवून म्हणतो, आणि आजोबासुद्धा हसतात. जादूचं काम इथे उडण्याचं नाही, नाही म्हणण्याचं आहे. मुलीच्या वतीने कुणीतरी नाही म्हणतं, आणि मुलगी चांगलीची चांगली राहते.

मराठीत पुढे सिनेमांत भुतं पुष्कळ आली. 'एक डाव भुताचा', 'भुताचा भाऊ', 'झपाटलेला'. ती सगळी पुरुषांच्या मदतीला किंवा मुळावर आलेली. २००४ साली केदार शिंदेंच्या 'अगं बाई अरेच्चा!'मध्ये नायकाला बायकांच्या मनातलं ऐकू यायला लागलं, तेव्हा मी वर्गातल्या मुलींइतकीच हसले. पण तिथेही जादू झाली ती नायकाच्या कानांवर. नवरीचं रूप घेऊन तिच्या जागी बसायला मात्र कुणी आलं नाही.

गल्लीतला पडदा फार टिकला नाही. १८ जानेवारी १९८२ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि तिकडचं काम भिवंडीच्या लूमवर ओसंडून आलं. बारा बारा तासांच्या पाळ्या, रात्रीचा खडखडाट दुप्पट. त्याच वर्षी एशियाडच्या निमित्ताने रंगीत टीव्ही आला, पाठोपाठ व्हीसीआर. मे १९८४मध्ये दंगलीत भिवंडी पेटली. संचारबंदीत आम्ही दार लावून बसलो, ते रस्त्यावर रात्री एकत्र बसायचा धीर पुढे कित्येक दिवस झाला नाही. सिनेमा घरात आला. एका रात्रीसाठी व्हीसीआर आणि कॅसेटी भाड्याने आणायच्या, चाळीतल्या सात-आठ घरांनी पैसे काढायचे. खाटेवर पुरुष, जमिनीवर पोरं, आम्ही दाराच्या उंबऱ्यात. चित्र सरळ दिसायला लागलं, पण हसताना वडील बघतायत का हे आधी बघावं लागे. टीव्हीच्या मागे बसायची सोय नसते.

१९९५ला तेलुगू वाहिन्या सुरू झाल्या आणि पद्मनगरात छतांवर तबकड्या उगवल्या. 'मायाबाजार' घरोघरी, सणासुदीला हमखास. २०१० साली तो रंगीत करून पुन्हा थिएटरांत आणला. मी हैदराबादला गेले होते तेव्हा पाहिला. शशिरेखेचे दागिने पिवळेधमक, बाग हिरवीगार. छान होता. पण नटांच्या कमरेवरची शिवण नव्हती, ती माझी नजर सारखी शोधत राहिली.

परवा माझ्या भावाची नात सुट्टीत राहायला आली होती. तेरा वर्षांची. रात्री दिवा मालवला तरी चादरीखालून निळा उजेड आणि खुसखुस. मी चादर उचलली तर मोबाईलवर 'ॲक्वामरीन' नावाचा इंग्रजी सिनेमा, २००६चा. समुद्रकाठी राहणाऱ्या दोन मैत्रिणींना जलपरी सापडते. तिच्या बापाने तिचं लग्न ठरवलंय, तिला ते नकोय. प्रेम नावाची गोष्ट खरंच असते हे तिने तीन दिवसांत सिद्ध करायचं, नाहीतर गुमान परत जायचं. तिची नखं मनाप्रमाणे रंग बदलतात, कानातले तारामासे तिचं कौतुक करतात. आणि शेवटी ज्या मुलामागे ती लागलेली असते तो प्रांजळपणे सांगतो की अजून आपली ओळखही धड नाही. प्रेम सिद्ध होतं ते त्या दोन मैत्रिणींच्या जिवाला जीव देण्यातून. नायकाशिवाय निकाल लागलेला पाहून मी उठून बसले. आमच्या वेळी कृष्णाशिवाय पान हलत नसे.

अत्ता हल्ली आमच्याकडेच असते. पंचाहत्तरी ओलांडली, कान शाबूत आहेत. आमची कुजबुज ऐकून तिने विचारलं, काय चाललंय. नातीने तिला सगळी गोष्ट सांगितली, तेलुगू-मराठी-इंग्रजी एकत्र कालवून. अत्ताने शेवटपर्यंत ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला, "मासोळीच्या बापाने कारण काय दिलं?" नातीला ते सांगता येईना. अत्ता म्हणाली, "म्हणजे तिकडेही बलरामच."

मग दोघी एकाच चादरीत शिरल्या, मोबाईल मध्ये धरून. बाहेरून पाहिलं तर गुंडाळलेली गिंबळी. मला आत जागा नव्हती, म्हणून मी पायथ्याशी बसले आणि इतक्या वर्षांत न विचारलेलं विचारलं. "अत्ता, तुझ्या लग्नाच्या वेळी घटोत्कच आला असता तर गं?"

चादर थोडा वेळ गप्प राहिली. मग आतून आवाज आला. "आला असता तर त्याला वाढलं काय असतं? घरात त्या दिवशी सात शेर तांदूळ होते, आणि ते वऱ्हाडाला लागणार होते."

नात खुदकन हसली, अत्ताही हसली, पडद्यामागच्यासारखीच. मी दिवा पुन्हा मालवला.